मन लागत नाही, की लागू दिलं जात नाही? शाळेची अक्कल आणि मुख्याध्यापकाचं काम

फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलेलं आहे. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. एका पोराने ठसक्यात उत्तर दिलं, ‘पस्तीस!’ बाईंच्या लगेच लक्षात आलं, की त्याने सातातून दोन काढले आणि पाचातून दोन. वर कोण आणि खाली कोण हे न बघता मोठ्यातून लहान वजा करून मोकळा झाला. काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा तो हाच क्षण. बाई खणात काड्या शोधायला लागल्या, तेवढ्यात खिडकीत ठेवलेला मोबाइल वाजला. खिडकीतच ठेवायचा, कारण रेंज तिथेच येते.

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्या केंद्राच्या ग्रुपवर निरोप होता : ‘अति तात्काळ. मुलींच्या स्वच्छतागृहाची माहिती दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ ही माहिती बाईंनी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, भरलेली होती. मागच्या महिन्यात आणखी एका तक्त्यातही भरली होती. पण बाई नुसत्या वर्गशिक्षिका नाहीत, शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिकाही आहेत. पस्तीस म्हणणारं पोरगं थांबू शकतं, लिंक थांबत नाही.

माझ्या ओळखीच्या या बाई. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही लहान शाळेत हे बघायला मिळेल. मतदारयाद्यांचं काम आणि २०२७ ची जनगणना यांमुळे ‘शिक्षकांना शिकवू द्या’ ही मागणी पुन्हा बातम्यांत आहे. त्यावर लोकांची प्रतिक्रियाही ठरलेली : पगार घेता ना, मग काम करायला काय होतं? वाद तिथेच अडकतो. व्यवस्थापनशास्त्रात मात्र हाच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारतात. एखाद्या मुख्याध्यापकाचं मन कामात लागतं आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्याचं लागत नाही, हा फक्त त्या दोघांच्या स्वभावाचा फरक असतो का? की दोन शाळांच्या ‘अकले’तही फरक असतो?

शाळेला अक्कल असते?

इथे एक जड शब्द येतो : संस्थात्मक बुद्धिमत्ता. आपल्याकडे शाळेच्या संदर्भात ‘संस्था’ म्हटलं की संस्थाचालक डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या बुद्धिमत्तेबद्दल हा लेख नाही. इथे संस्था म्हणजे एकत्र काम करणारा कुठलाही गट.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड विलेन्स्की यांनी १९६७ मध्ये या विषयावर लिहिलं, तेव्हा त्यांच्यापुढे सरकारं आणि मोठ्या कंपन्या होत्या. खालची खरी माहिती वर पोचेपर्यंत तिचं काय होतं, हा त्यांचा प्रश्न. पुढे २००३ मध्ये कार्ल आल्ब्रेश्ट यांनी तो शब्द सर्वसामान्य केला. त्यांचं म्हणणं साधं आहे. गटातल्या सगळ्यांच्या डोक्यात मिळून जे काही आहे ते गोळा करून एका कामाला लावण्याची ताकद, म्हणजे ही बुद्धिमत्ता. त्यांनीच एक खोचक निरीक्षणही नोंदवलं आहे : हुशार माणसं एका संस्थेत जमा झाली, की सगळी मिळून मूर्खपणाकडे झुकतात. कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला याचा पुरावा लागणार नाही.

गणपती मंडळाचं उदाहरण घ्या. एका मंडळात दरवर्षी अध्यक्ष बदलतो, तरी जनरेटर कुणाकडून आणायचा, परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा, गेल्या वर्षी मांडव का गळला, हे दहा जणांना माहीत असतं. दुसऱ्या मंडळात सगळं एका अण्णांच्या डोक्यात. अण्णा आजारी पडले, की मूर्ती ठरवण्यापासून बोंब. दोन्ही मंडळांतली पोरं तितकीच हुशार आहेत. पहिल्या मंडळाला अक्कल आहे, दुसऱ्याला फक्त अण्णा आहेत.

आल्ब्रेश्ट यांनी या अकलेचे सात पैलू सांगितले आहेत. सगळे इथे मोजत बसत नाही. शाळेपुरते तीन-चार मला कळीचे वाटतात : आपण कुठे चाललोय हे सगळ्यांना ठाऊक असणं, ‘शाळा आपली’ ही भावना, माहीत असलेलं एकमेकांना सांगणं, आणि नियम-कागद मूळ कामाला पूरक असणं, आडवे न येणं. यांतला शेवटचा आपल्याकडे सर्वांत दुबळा.

‘मन लागणं’ म्हणजे नेमकं काय

दुसरा जड शब्द कार्यमग्नता. पुढे मी ‘मन लागणं’ असंच म्हणेन.

विल्यम कान या संशोधकाने १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातले प्रशिक्षक आणि एका वास्तुरचनाकार कंपनीतले कर्मचारी यांच्याशी सविस्तर बोलून एक निष्कर्ष काढला. माणूस कामात स्वतःला ओततो की आखडून घेतो, हे तीन गोष्टींवर ठरतं. या कामाला काही अर्थ आहे का? मी मोकळेपणाने वागलो-बोललो तर अंगाशी येईल का? आणि आत्ता माझ्यात तेवढी ताकद शिल्लक आहे का? तो माणूस हे प्रश्न कागदावर लिहीत नाही, पण मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा विचारत असतो.

पुढे नेदरलँड्समधल्या विल्मार शाउफेली आणि अर्नोल्ड बाकर यांनी मन लागणं मोजायला एक प्रश्नावली तयार केली. सतरा विधानं, आणि प्रत्येकापुढे शून्य ते सहा यांपैकी एक आकडा. त्यांत उत्साह, कामाबद्दलची आत्मीयता आणि तल्लीनता अशा तीन गोष्टी तपासतात. जगभरच्या बहुतेक अभ्यासांत हीच वापरतात.

एक घोटाळा टाळायला हवा. मन लागणं म्हणजे समाधानी असणं नव्हे. घराजवळ बदली मिळाली, पगार एक तारखेला होतो, कुणी विचारायला येत नाही, असा मुख्याध्यापक पूर्ण समाधानी असतो आणि त्याचं मन शाळेत तसूभरही नसतं. उलट रात्री अकरापर्यंत माहिती भरणाऱ्याचं मन कामात आहे असंही नाही. तो भीतीपोटी बसलेला असू शकतो. कष्ट दिसतात, मन दिसत नाही. म्हणून गौरव समारंभात दोघांनाही सारखाच नारळ मिळतो.

पद नाही, पण काम आहे

मुख्याध्यापक म्हटलं की आपल्याला वेगळी खोली, घंटा, शिपाई असं काही आठवतं. वस्तुस्थिती बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुलं असतील तरच वेगळा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी हा आकडा १००. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट यापेक्षा कितीतरी कमी. मग तिथे मुख्याध्यापक कोण? दोघांतला जो सेवाज्येष्ठ तो प्रभारी. त्याचा वर्ग त्याच्याकडेच, आणि वर शाळेचं दप्तरही.

दप्तर म्हणजे काय ते एकदा कपाट उघडून बघावं. जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल होण्याच्या नोंदींची वही), आवक-जावक, कॅशबुक, सादिलचा म्हणजे किरकोळ खर्चाचा हिशोब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, शेरेबुक. पोषण आहाराचं तर रोजचं गणित. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आज पाचवीपर्यंतची ४३ मुलं हजर, म्हणजे ४ किलो ३०० ग्रॅम. शिल्लक पोत्यांशी ते जुळलं पाहिजे, आणि तोच आकडा मोबाइलवरून वरही गेला पाहिजे. याशिवाय यू-डायस, मुलांच्या माहितीचं सरल, पगाराचं शालार्थ, आधार पडताळणी. माध्यमिक शाळेत निदान लिपिक असतो. तिथेही पद रिक्त असलं की तेच.

कायद्याचं कलम २७ म्हणतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. पण लिंक भरणं हे कुणी बिगरशैक्षणिक मानतच नाही. ते ‘शाळेचंच काम’ ठरतं. कलमाला या फटीचा पत्ताच नाही.

याला अभ्यासकांनी एक चौकट दिली आहे. २००१ मध्ये डेमेरौटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की प्रत्येक कामात दोन बाजू असतात : काम तुमच्याकडून काय मागतं, आणि काम करायला तुम्हाला काय पुरवतं. विहिरीचं उदाहरण सोपं पडेल. उपसा जास्त आहे म्हणून विहीर आटत नाही. झरे बुजले की आटते. मुख्याध्यापकांच्या मागण्यांमध्ये नेहमी उपशाची चर्चा होते, आणि ती रास्तच आहे. झऱ्यांची मात्र फारशी होत नाही. सहकाऱ्याची साथ, निर्णयाची थोडी मोकळीक, आपल्या कामाचं फळ दिसणं, अडल्यावर विचारायला माणूस असणं, हे झरे. आणि हे झरे ज्या जमिनीतून येतात, तिलाच वर मी शाळेची अक्कल म्हटलं.

कपाटातली अक्कल

२०२३ च्या हिवाळ्यात राज्यभरच्या जुन्या शाळांमध्ये एक वेगळीच धावपळ झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमलेली होती, आणि १९६७ पूर्वीची जनरल रजिस्टरं तपासायचा आदेश शाळांना आला. काही नोंदी मोडी लिपीत.

त्या दिवसांत शाळांची खरी परीक्षा झाली असं माझं मत आहे. काही शाळांत रजिस्टरं वर्षांप्रमाणे बांधून, कापडात गुंडाळून ठेवलेली होती. आतल्या पानावर कुणा जुन्या गुरुजींनी कुठली वही कुठे संपते हे लिहून ठेवलेलं. काही ठिकाणी कपाटाची किल्ली तीन मुख्याध्यापकांआधीच्या माणसाकडे राहिलेली, नाहीतर तळाच्या वहीला वाळवी. दोन्हीकडचे मुख्याध्यापक तितकेच कामसू होते असं धरून चाला. पहिल्याची दोन दुपार गेली. दुसऱ्याचे दोन आठवडे गेले, आणि वर लोकांची बोलणी बसली. त्या दोन आठवड्यांत त्याचं मन वर्गात कसं लागणार?

असल्या स्मृतीवर फक्त दाखले निघतात असं नाही. पस्तीस सांगणाऱ्या पोराचंच घ्या. बाईंच्या आधी त्या वर्गावर ज्या मॅडम होत्या, त्यांना हे पोरगं ठाऊक होतं. उभी वजाबाकी मांडली की ते गडबडतं, दुकानातली सुटे पैसे परत देण्याची गोष्ट सांगितली की बरोबर सांगतं, हेही त्यांनी शोधलेलं होतं. मग ऑनलाइन बदल्यांत त्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या. चार्ज देताना टेबल-खुर्च्या, भांडी, संगणक, पोत्यांचा साठा या सगळ्याची यादी झाली, सह्या झाल्या. पोरांबद्दल मॅडमना जे माहीत होतं, त्याची यादी करायला रकानाच नव्हता.

आपल्याकडे हे कधी जमलंय का?

जमलंय. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव शिक्षकांना सांगायला नको. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या शाळांनी मूल कसं शिकतं याचा एकत्र बसून विचार केला, वर्गात करून पाहिलं, फसलेलं एकमेकांना सांगितलं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला तो याच सुमारास.

आणि मग काय झालं? ठिकठिकाणी वर्गांच्या फरशा रंगल्या. अंकांच्या आखण्या, अक्षरांची चक्रं, गोल-चौकोन. फरशी नकलता येते, बैठक नकलता येत नाही. जिथे शिक्षक आपसांत बोलत होते तिथे त्या फरशीचा उपयोग झाला. जिथे तपासणीच्या आधी पेंटर बोलावला गेला, तिथे दोन पावसाळ्यांत रंग उडाला. कुमठ्याची अक्कल त्या रंगात नव्हतीच.

‘पण हे सगळं माणसाच्या स्वभावावर असतं ना?’

काही अंशी असतं. काही मुख्याध्यापक कुठेही टाका, महिनाभरात लोकवर्गणीतून भिंत उभी करतात. पण अशा माणसाची बदली झाल्यावर त्या शाळेचं काय होतं हे बघा. जर सगळं त्याच्याबरोबर गेलं, तर ती शाळा हुशार नव्हती, तिच्याकडे अण्णा होते. आणि तोच माणूस दुसऱ्या शाळेत विझलेला दिसतो तेव्हा स्वभाव तर बदललेला नसतो.

कान यांचा दुसरा प्रश्न इथे आठवावा, अंगाशी येईल का हा. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एखाद्याने उठून सांगितलं, ‘माझ्या चौथीत आठ मुलांना सलग वाचता येत नाही,’ तर पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. कुणी म्हणेल, माझ्याकडेही सहा होती, मी अमुक केलं. किंवा आठवड्याने खुलासा मागणारं पत्र येईल. दुसरं एकदा जरी झालं, तरी त्या केंद्रातल्या सगळ्या चौथ्या पुढच्या महिन्यापासून फाडफाड वाचू लागतात. कागदावर. विलेन्स्कींचा १९६७ चा प्रश्न तो हाच.

अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या सरकारी प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात अनेक वर्षं अभ्यास केला. जिथे मुख्याध्यापक, शिक्षक, पालक यांचा एकमेकांवर भरवसा भक्कम होता, तिथे गणित-वाचनात सुधारणा होण्याची शक्यता दोनात एक होती. भरवसा दुबळा होता तिथे सातात एक. शिकागो आणि आपली वाडी सारखी नाही, मान्य. पण खुलाशाच्या पत्राने माणूस तिथेही गप्पच बसत असणार.

‘संशोधनाने सिद्ध झालंय म्हणे’

सावकाश. इराण, तुर्कस्तान वगैरे देशांत मुख्याध्यापकांवर असे बरेच अभ्यास झाले आहेत, आणि संस्थेची बुद्धिमत्ता जास्त तिथे मन लागणंही जास्त, असा त्यांचा साधारण सूर असतो. मात्र बहुतेक अभ्यासांची पद्धत अशी : एकाच मुख्याध्यापकाला दोन प्रश्नावल्या द्यायच्या. एकीत तो शाळेबद्दल सांगतो, दुसरीत स्वतःबद्दल. आता पुरणपोळी खाऊन उठलेल्या माणसाला ‘घरचे कसे आहेत?’ आणि ‘तब्येत कशी आहे?’ असं लागोपाठ विचारलं, तर दोन्ही उत्तरं चांगलीच येणार. त्यावरून घर चांगलं म्हणून तब्येत चांगली, असं ठरत नाही. पुरणाचाही हात असतो.

शिवाय बाण उलटाही असू शकतो. मन लागलेला मुख्याध्यापक शाळेला शहाणं करतो, की शहाणी शाळा त्याचं मन लावते? मला वाटतं दोन्ही, आळीपाळीने. पण ‘वाटतं’ आणि ‘सिद्ध झालं’ यांत अंतर आहे, आणि प्रशिक्षणातल्या स्लाइडवर ते अंतर हमखास गळतं.

‘दोनशिक्षकी शाळेत कसली आलीय संस्था?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दोघांपैकी एक बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामावर, दुसरा दोन वर्ग सांभाळतोय. कुणी कुणाला काय सांगायचं? अशा ठिकाणी शाळेच्या हद्दीत अक्कल शोधण्यात अर्थ नाही. तिथे एकक शाळा नव्हे, केंद्र. दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेला भेटतातच. ती भेट परिपत्रकं वाचून दाखवण्यात घालवायची की पस्तीस सांगणाऱ्या पोरांवर, हे केंद्रप्रमुखाच्या हातात आहे. आणि केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं प्रभारींवर चालतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं एक पायरी वर.

शाळेबाहेरही डोकी असतात. व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, सदस्यांत निम्म्या महिला. कुणाचं पोरगं ऊसतोडीला जाणार आहे, कोण आजीकडे राहणार आहे, हे या बायकांना आठ दिवस आधी ठाऊक असतं. त्यांच्याकडून इतिवृत्तावर फक्त अंगठे-सह्या घेणारी शाळा आपल्याच अकलेचा मोठा हिस्सा दाराबाहेर ठेवते.

‘वरून हुकूम येणार असतील तर शाळा काय करणार?’

लिंक बंद करणं शाळेच्या हातात नाही, हे खरंच. एकदा भरलेली माहिती दहा कार्यालयांनी एकाच जागेवरून उचलावी, ही अक्कल जिल्ह्याला आणि मंत्रालयाला यायला हवी. तिथेही हाच शब्द लागू आहे, किंबहुना आधी तिथे. मुख्याध्यापकाला सकारात्मकतेचं प्रशिक्षण देऊन हे होणार नाही. विहीर आटली म्हणून विहिरीला व्याख्यान देण्यासारखं ते होईल.

ओळखीच्या बाईंनी यावर काढलेला उपाय अगदी लहान आहे. एक दोनशे पानी वही. एका बाजूने यू-डायसपासून स्वच्छतागृहापर्यंत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे आकडे, म्हणजे लिंक आली की शोधाशोध नको. दुसऱ्या गुरुजींनाही त्यातून भरता येतं. वही उलटी केली की मुलांची पानं. प्रत्येकाला एक. मी पाहिलं तेव्हा त्या पोराच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं : ‘५२ – २७ = ३५ सांगतो. उभी मांडणी नको. आधी सुटे पैसे, मग गठ्ठा.’ खाली दुसऱ्या अक्षरात, बहुधा गुरुजींचं : ‘६१ – ३८ बरोबर. ४० – १६ अजून चुकतो. शून्य बघा.’